पॅलेस थिएटरची पाठ

परवा दुपारी एका सभागृहात रात्रीच्या प्रयोगाची तयारी चालू असताना एक तरुण नटाच्या गालावर तांदळाएवढा माइक चिकटवत होता आणि तो नट बिचारा मान वाकडी करून निमूट उभा होता. मला केशवराव भोसल्यांची आठवण झाली. ‘संगीत शारदा’मधल्या बालवयातल्या भूमिकेने महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या, 1908 मध्ये हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढणाऱ्या आणि 1921 साली, ऐन एकतिसाव्या वर्षी गेलेल्या या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला गळा आणि छप्पर यांखेरीज तिसरे साधन नव्हते. गळा त्याचा होता. छपराची काळजी निदान कोल्हापुरात तरी शाहू महाराजांनी घेतली होती.

1913 ते 1915 या काळात बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, हे त्या छपरासाठीच मला प्रिय आहे. एवढा मोठा प्रेक्षागार, पण मध्ये एकही खांब नाही. जुन्या नाट्यगृहांत खांबाआड बसून नायिकेऐवजी तिची नुसती सावली पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. तिकीट स्वस्त असो वा महाग, रंगमंच सर्वांना दिसला पाहिजे, हा विचार एका संस्थानिकाने शंभर वर्षांपूर्वी केला, हे मला त्याच्या अनेक मोठ्या कामांइतकेच शाहूंना शोभणारे वाटते.

मात्र या वास्तूची खरी गंमत तिच्या दर्शनी भागात नसून पाठीत आहे, असे माझे जुने मत आहे. रंगमंचाच्या मागे खासबाग मैदान. युरोपच्या 1902 च्या प्रवासात रोमचे आखाडे पाहून आलेल्या महाराजांनी 1912 मध्ये ते उभे केले. मध्ये तांबड्या मातीचा हौद आणि भोवती उतरता मातीचा बांध, त्यामुळे हजारो माणसे बसली तरी पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. म्हणजे दिसण्याचा न्याय तिथेही तोच. मैदानाच्या बाजूस खुला रंगमंचही आहे. नाटक आणि कुस्ती एकमेकींना पाठ लावून बसल्या आहेत. इतर गावांत कलेची माणसे आणि तालमीची माणसे एकमेकांना ओळखही देत नाहीत. कोल्हापुरात त्यांच्या घरांची भिंत सामाईक आहे.

आमचे आजोबा दोन्हीकडचे. तरुणपणी तालमीत घुमलेले आणि उतारवयात नाट्यसंगीताने डोळे पुसणारे. एका स्पर्धेच्या नाटकाला ते मला घेऊन गेले होते. रंगमंचावर एक आई मुलाच्या फोटोपुढे रडत होती, सारे चिडीचूप होते आणि तेवढ्यात मागून हलगी कडाडली, पाठोपाठ हजार कंठांचा हल्लकल्लोळ उठला. नटी क्षणभर थांबली, पदर सावरला आणि त्याच सुरात पुढचे वाक्य घेतले. प्रेक्षकांत कोणी हसले नाही. आजोबा मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, “गडी आस्मान बघतोय बघ.” नाटकाचे नाव, कथा, त्या बाईंचा चेहरा यांतले आता काही आठवत नाही, तिने सावरलेला पदर आणि आजोबांच्या तोंडचा तपकिरीचा वास तेवढा आठवतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच आणि छप्पर जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून जुने नट आणि तंत्रज्ञ हमसून रडताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याविषयी अधिक लिहिण्याची माझी योग्यता नाही.

वास्तू पूर्वीसारखीच बांधायची, असे लगोलग जाहीर झाले, आणि ते योग्यच आहे. ध्वनिशास्त्राचे जाणकार आता मागच्या भिंतीतून बाहेरचा आवाज तसूभरही येऊ नये असा उपाय सुचवतील, आणि त्यांचे शास्त्र खोटे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. तरीही हलगी थोडीशी येऊ द्यावी, अशी एक आपली विनंती. कोणी मनावर घेईल असे वाटत नाही.