ऑस्टिनहून सरांना केलेला फोन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि मला सगळ्यात आधी आठवला तो मुख्याध्यापकांच्या खोलीतला फोन. ५ जानेवारी २००६, गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास तो वाजला होता. पलीकडे मी होते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मला आपल्या खेळाच्या सरांशी बोलायचं होतं.

मी १९९५ च्या दहावीच्या तुकडीतली. मुलींच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्याला खेळायचे. शाळेमागचं ते मुरमाड मैदान, संध्याकाळी सर स्वतः झारीने पाणी मारायचे ते, आणि फुटलेल्या गुडघ्यांना लावायची हळद. माणदेशात प्यायला पाणी नसायचं तेव्हाही मैदानापुरतं पाणी सर कुठून आणत, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचं एक वाक्य आमच्या प्रत्येकीला पाठ होतं : ‘डोळे फसवतात, हात फसवतात, कंबर फसवत नाही. कमरेकडे बघा.’

२००४ मध्ये मी भूजलावर पीएच.डी. करायला टेक्सास विद्यापीठात गेले. पहिलं वर्ष प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि खोली एवढ्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी, ३ सप्टेंबर २००५ ला, एक सहकारी मैत्रीण मला विद्यापीठाच्या स्टेडियमवर घेऊन गेली. ऐंशी हजारांहून जास्त माणसं, बहुतेक सगळी विटकरी-नारिंगी कपड्यांत. पण माझी नजर खिळली ती मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बैलावर. बिव्हो त्याचं नाव. लांब, दोन्ही बाजूंना पसरलेली शिंगं. आमच्या दारातल्या खिलाराची शिंगं मागे वळून वर जातात, याची आडवी. तरी बैल तो बैलच. लोक दोन बोटं शिंगांसारखी वर करून ओरडत होते आणि इतक्या दूरच्या देशात पहिल्यांदाच मला परकं वाटलं नाही.

या खेळाला ते फुटबॉल म्हणतात, पण चेंडूला पाय क्वचितच लागतो. मैदान १०० यार्डांचं, एका वेळी प्रत्येक संघाचे अकराजण. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला पकडून खाली पाडायचं. मला ही प्रत्येक वेळी नव्याने होणारी चढाईच वाटली. फरक एवढाच की इथे चढाई करणाऱ्याच्या पुढे त्याची स्वतःची साखळी धावते आणि वाट मोकळी करते.

आणि चढाई करणारा होता व्हिन्स यंग. सहा फूट पाच इंच उंचीचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. तो चेंडू शेजारच्या साथीदाराच्या पोटाशी नेई आणि समोरचा बचावपटू कुठे झुकतो ते बघे. तो साथीदाराकडे झुकला तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळे. थांबला तर देऊन टाकी. बचावपटूची कंबर वाचण्याचा हा खेळ मी अवाक होऊन बघत बसले. सर, तुम्ही हवे होतात, असं त्या दिवशी किती वेळा मनात आलं!

त्या हंगामात आमच्या विद्यापीठाने (हो, तोवर ते ‘आमचं’ झालं होतं) तेराच्या तेरा सामने जिंकले. दुसऱ्याच आठवड्यात कोलंबसला जाऊन ओहायो स्टेट विद्यापीठाला २५–२२ ने हरवलं. ऑक्टोबरात डॅलसला ओक्लाहोमा विद्यापीठाशी सामना झाला. तो दरवर्षी राज्याच्या मोठ्या जत्रेच्या आवारात होतो आणि अर्धं स्टेडियम एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या रंगाचं असतं. ओक्लाहोमाने त्याआधीची सलग पाच वर्षं हरवलं होतं, आदल्या वर्षी तर १२–० असं. या वेळी ४५–१२. शेजारच्या खोलीतली एक मुलगी रडत होती. तिच्या वडिलांनीही याच विद्यापीठात शिक्षण घेतलं होतं.

बाकीचे बरेच सामने एकतर्फी झाले, त्यांचं वर्णन करत नाही. पण माझ्या मते हा हंगाम जिंकला तो २९ ऑक्टोबरला, ओक्लाहोमा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या मैदानावर, स्टिलवॉटर गावात. त्या सामन्याची फारशी आठवण कोणी काढत नाही. मध्यंतराला टेक्सास २८–१२ ने मागे होतं. टीव्हीसमोर आमची खोली गप्प झाली. मला जिल्हा स्पर्धेतला आपला उपांत्य सामना आठवला. मध्यंतराला आपण अकरा गुणांनी मागे होतो. सरांनी लिंबाच्या फोडी वाटल्या, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘गुणफलकाकडे पाठ करून उभ्या राहा.’ तो सामना आपण जिंकला होता. स्टिलवॉटरला दुसऱ्या अर्धात यंगने ८० यार्डांची एक धाव घेतली. दिवसभरात तो २६७ यार्ड धावला आणि सामना ४७–२८ असा संपला. मध्यंतरानंतर समोरच्यांना एकही गुण मिळाला नाही.

अखेरचा, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना ४ जानेवारीला, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर. समोर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, सलग ३४ सामने न हरलेलं. साडेसहा मिनिटं उरली तेव्हा ते ३८–२६ ने पुढे होते. यंगने स्वतः धावत जाऊन ३८–३३ केलं. मग त्यांना फक्त दोन यार्ड हवे होते, सामना तिथेच संपला असता. आपल्या पोरांनी त्यांच्या धिप्पाड लेनडेल व्हाइटला रोखलं. ती पकड बघून मी खुर्चीवर उभी राहिले. कोपरा सांभाळणाऱ्यालाच कळतं, अशी पकड एकट्याची नसते.

शेवटी आठ यार्ड उरले, चौथा प्रयत्न, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. यंगने फेकायला कोणी मोकळं आहे का ते पाहिलं, कोणी नव्हतं. तो उजवीकडे पळत सुटला आणि कोपऱ्यात, कोणाचा हातही न लागता, रेषेपार गेला. १९ सेकंद शिल्लक. ४१–३८.

विद्यापीठाचा मनोरा त्या रात्री नारिंगी उजळला आणि खिडक्यांच्या दिव्यांनी त्यावर ‘१’ आकडा उमटला. रस्ते माणसांनी भरून गेले. मी मात्र फोनचं कार्ड शोधत होते.

शिपाईकाकांनी सरांना मैदानावरून बोलावून आणेपर्यंत चार मिनिटं गेली. सरांचा श्वास लागलेला. ‘काय गं, सगळं ठीक ना?’ मी धडाधडा सगळं सांगितलं. खेळ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, तरी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटची धाव सांगून झाल्यावर विचारलं, ‘हूल कोणत्या बाजूला दिली त्यानं?’

‘नाही दिली, सर. सरळ पळाला.’

‘अजिबात नाही?’

‘अजिबात नाही.’

फोनवर थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, ‘मग आधीच्या तीन तासांत देऊन झाल्या असतील. शेवटी ते सगळे न दिलेल्या हुलीला थांबले.’

मागे घंटा झाली. आठवीचा तास होता, सर गेले.