वस्तीवरचा जमाखर्च

हुरड्याच्या दिवसांत सोलापूरहून पाहुणे आमच्या वस्तीवर येतात, आगटीत भाजलेल्या कणसांचा गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर खातात आणि निघताना त्यांच्यापैकी एखादा तरी हमखास म्हणतो की, तुम्हाला खर्चच काय असतो, सगळे घरचेच तर आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. परंतु घरचे म्हणजे फुकटचे, असा जो अर्थ त्या बोलण्यात असतो, तो आमच्या घरच्या जमाखर्चाला धरून नाही.

मंगळवेढ्याच्या पट्ट्यातील आमच्यासारखे कोरडवाहू घर मुख्यतः एकाच पिकावर चालते आणि ते म्हणजे रब्बीची ज्वारी. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजी, मालक, मी आणि दोन मुले अशी सहा माणसे असल्यामुळे दिवसाला दीड-पावणेदोन किलो, म्हणजे वर्षाला साधारण सहा क्विंटल ज्वारी नुसत्या भाकरीला लागते. रास घरी आली की आधी ही सहा क्विंटल बाजूला काढायची, त्यावर पै-पाहुणे, कामाला येणारी माणसे आणि सासरी गेलेल्या लेकी यांच्यासाठी थोडी अधिक ठेवायची आणि मग उरेल ती बाजार समितीत न्यायची, असा मामंजींचा शिरस्ता आहे. भाव चढलेला असला तरी घरची कोठी भरल्याशिवाय ते पोते विकू देत नाहीत. दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी खुली करणारे दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे. त्यांची कथा मामंजी मुलांना सांगतात ती भक्तीची म्हणून सांगतातच, पण कोठारात धान्य होते म्हणून ते वाटता आले, ही बाजूही सांगायला विसरत नाहीत.

आमच्या रानात मालदांडी असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण इतकी वर्षे झाली तरी या भागातून हटलेले नाही, कारण भाकरीची चव आणि कडब्याचा गोडवा या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावात त्याची पुष्कळ चर्चा झाली. पीक मात्र पूर्वीप्रमाणेच हस्ताच्या पावसावर, खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. त्याला पाणी द्यायचे नसते, पण असलेली ओल जपावी लागते. काळे रान वाळू लागले की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, म्हणून वेळेवर कोळपे फिरवून भेगा बुजवाव्या लागतात. पावसाने दगा दिला की मात्र कितीही कोळपले तरी उपयोग होत नाही, आणि मग ज्या घराला सगळे घरचे म्हणतात त्या घरालाच बाजारातून ज्वारी विकत आणावी लागते.

काढणी हा या पिकाचा सर्वांत जड भाग आहे. आमच्याकडे रब्बीची ज्वारी विळ्याने कापत नाहीत, ती मुळासकट हाताने उपटतात. माघ-फाल्गुनातील उन्हात पहाटेपासून कमरेत वाकून धाटे उपटायची, मुळांची माती झटकायची आणि पेंढ्या बांधत पुढे सरकायचे, यात तळहाताची सालटी निघतात. माणसे मिळेनाशी झाली आहेत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ज्यांनी एकदा तरी दिवसभर ज्वारी उपटली आहे त्यांना त्याचे नवल वाटू नये. आमच्या दोन शेजारच्या वस्त्या आणि आम्ही मिळून एकमेकांची काढणी सावडीने करतो. त्यात मजुरीचे पैसे वाचतात हे खरे, पण सावड फेडावी लागते आणि ती फेडायला बहुधा बायकाच जातात.

धान्याइतकाच कडब्याचा आधार असतो, आणि कधीकधी दाण्यापेक्षा कडब्याचेच पैसे जास्त होतात. कणसे मोडून झाली की पेंढ्यांचे बुचाड रचायचे, घरच्या जनावरांना पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढ्या पेंढ्या ठेवायच्या आणि बाकीच्या शेकड्याच्या भावाने द्यायच्या. तो कडबा म्हशी आणि बैल खातात. त्यांचे शेण उकिरड्यावर जाते, काही शेणाच्या शेण्या थापल्या जातात. धसकटे आणि तुरीच्या तुराट्या चुलीला लागतात. आणि चुलीची राख भांड्यांना. हे चक्र फिरताना पाहुण्यांना मोठे सुंदर वाटते आणि ते आहेही सुंदर, फक्त त्यातला प्रत्येक वळसा कुणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीतून जातो.

मामंजी वर्षाची एक वही ठेवतात. तीत मीठ, चहा, साखर, साबण, पेट्रोल, मोबाईलचे रिचार्ज, मुलांची शाळा आणि दवाखाना हे सगळे तारीखवार लिहिलेले असते. शेण्या, सरपण, दळण आणि पाणी यांना त्या वहीत जागा नाही, कारण त्यांना पैसे पडत नाहीत. मी सून म्हणून आले तेव्हा घरात गॅसची शेगडी होती, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. सरपण घरचे असताना टाकी कशाला जाळायची, हा त्यामागचा विचार. आत्याबाईंना धुराने डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची फी वहीत दिसू लागली, तेव्हा हा विचार आपोआप सैल पडला. आता सकाळचा स्वयंपाक गॅसवर होतो, आंघोळीचे पाणी चुलीवर तापते आणि कडक भाकरीही चुलीवरच होते, कारण पातळ थापलेली भाकरी भाजून झाल्यावर चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची असते आणि गॅसवर ते जमत नाही. चांगली वाळलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. आमटीत चुरून खाण्यासाठी किंवा रानात नेण्यासाठी तिच्याइतकी सोय दुसरी नाही.

काटकसर मला मान्य आहे, ती मी स्वतः करते. आंघोळीचे पाणी कढीपत्त्याला आणि केळीला जाते, जुन्या लुगड्यांच्या वाकळी अजून घरीच शिवल्या जातात, सोलापुरी चादर विरली की तिचे दोन तुकडे होऊन एक बैलाच्या पाठीवर आणि दुसरा दारात पडतो. उन्हाळ्यात हौदाचा तळ दिसू लागला की मुलेसुद्धा तांब्या मोजून पाणी घेतात. यातून कुणाच्या अंगावर जादा काम पडत नाही. ज्या बचतीचा भार एकाच माणसाच्या कमरेवर येतो, तिला मात्र मी बचत म्हणायला तयार नाही, आणि यावरून आमच्या घरात वाद होतात.

अलीकडचा वाद दळणाचा होता. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवता येत नाही. शिळे झाले की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी परातीतच चिरते, आणि उन्हाळ्यात तर पिठाला कडवट वास येऊ लागतो. म्हणून दळण थोडेथोडे आणि वरचेवर करावे लागते, आणि गिरणी गावात, वस्तीपासून लांब. मालक मोकळे असले तर गाडीवर डबा जातो, नाहीतर तो आत्याबाईंच्या किंवा माझ्या डोक्यावर. गिरणीवर वीज गेलेली असली की तिथेच बसून राहायचे. घरगुती गिरणी घेण्याचा विषय मी काढला तेव्हा मामंजी म्हणाले, “गावात गिरणी हाय की, मग घरात कशाला घरघर?” मी वाद न घालता त्यांच्याच वहीच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर गिरणीच्या खेपा, पेट्रोल आणि दळणावळ लिहू लागले. माझ्या बाजूने आत्याबाई बोलल्या, आणि त्याही हिशेबाचे काही बोलल्या नाहीत. लग्नानंतर कितीतरी वर्षे पहाटे जाते ओढले, आता डबाही उचलणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडे निघून गेल्या.

कडबा विकून गिरणी आली. वस्तीवर सिंगल फेज वीज असल्याने ती चालते. आत्याबाईंनी तिचा पूर्ण ताबा घेतला आहे. बटण दाबण्यापूर्वी ज्वारी निवडून सुपात पाखडलेली हवी, गव्हाचे दळण झाल्याशिवाय हरभऱ्याची डाळ टाकायची नाही, असे त्यांचे नियम आहेत आणि ते मलाही मोडता येत नाहीत. शेजारच्या वस्तीवरच्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. त्यांच्याकडून पैसे घेणे आत्याबाईंना प्रशस्त वाटत नाही, तेव्हा कुणी मेथीची जुडी ठेवून जाते, कुणी अंडी. मामंजींनी वहीत ‘गिरणी’ असे नवे पान काढले असून वीजबिलाचा वाढलेला आकडा ते तिथे दर महिन्याला न चुकता लिहितात. अंड्यांची नोंद त्या पानावर अद्याप झालेली नाही, जरी ती खाण्यात सर्वांत पुढे तेच असतात.