कुलाबा किल्ला: ओहोटीची वेळ बरोबर होती, दिवस चुकला

अलिबागच्या किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, असं जो तो सांगतो. त्या सांगण्यावर विसंबून आम्ही मांडीभर पाण्यात उतरलो, माझी टाच कापली आणि परतताना होडीला नको तेवढे पैसे मोजले. पुढच्यांचं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: दादा, वहिनी, दहा वर्षांचा भाचा आणि मी. माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळे तिथीवरून भरती काढायचं गणित लहानपणापासून पाठ आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरतीची वेळ येते. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरतं जमतं. त्या दिवशी अष्टमी होती. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाला भरती आणि सव्वाबाराच्या सुमारास ओहोटी. आम्ही उतरलो होतो तिथेही "बाराला जा, चालत जाल" असंच सांगितलं. सगळं जुळत होतं.

साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो तर किल्ला आणि आमच्यामध्ये सरळ पाणी. सुकट पसरत बसलेल्या एका कोळीण मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाय, आज भांग हाय. पानी नाय वसरायचा." मला वाटलं, होडीवाल्यांची बाजू घेताहेत. ही माझी चूक. त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही तेवढीच लांब जाते. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. हाच भांग. वेळ अगदी बरोबर असली तरी पाणी पुरतं हटतच नाही. ओहोटीची वेळ सांगणारे भरपूर भेटतात, ती ओहोटी किती खोल जाणार हे त्या मावशींशिवाय आम्हाला कोणी सांगितलं नाही.

तरी उतरलो. सुरुवातीला घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं पाणी. लाटा फार नव्हत्या, पण पाणी आडवं ओढत होतं. मध्यावर मांडीपर्यंत आलं तेव्हा दादाने भाच्याला खांद्यावर घेतलं. तळाला सगळीकडे वाळू नाही. किल्ल्याच्या जवळ खडक लागतो आणि त्यावर कालवांची शिंपलं पात्यासारखी उभी असतात. मी चपला हातात घेतल्या होत्या. पाय टेकला आणि टाचेत काहीतरी सरकलं, दुखलं नाही. वर आल्यावर पाहिलं तर बोटाच्या पेराएवढी चीर आणि त्यात शिंपल्याचा पांढरा कण. तो काढायला वहिनीला पर्समधली सेफ्टीपिन लागली. तर अनवाणी जाऊ नका. हवाई चप्पल चिखलात अडकून तुटते, तीही नको. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला. मोबाइल पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवा.

किल्ला मात्र फार सुंदर आहे. पुरातत्त्व खात्याचं तिकीट 25 रुपये. समुद्राकडच्या तटाचे दगड नीट बघा. एकावर एक नुसते रचलेत, मधे चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं, पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. आत रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूकडे खारं पाणी आणि मधे हे! मी कितीतरी वेळ पायरीवरून हललेच नाही.

उत्तरेच्या तटावर गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. आमच्या शेजारच्या घोळक्याला एक जण कान्होजींच्या तोफा म्हणून दाखवत होता. साफ चूक. त्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या, 1849 सालच्या. कान्होजी वारले 1729 मध्ये आणि 1849 पर्यंत आंग्र्यांचं राज्यही खालसा झालं होतं. तोफेवर कोरलेलं वाचता येतं. वाचा, आणि मग कुणाचं ऐकायचं ते ठरवा.

या सगळ्यात अडीच वाजले. दरवाज्यात आलो तर पाणी चढलेलं. भाच्याला घेऊन पुन्हा त्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. समोर एकच होडी आणि माणशी दोनशे रुपये, एका बाजूचे. मुलाचेही पूर्ण. आमच्यापुढे दुसरा रस्ता नाही हे त्याला दिसत होतं आणि त्याने तेवढे घेतले. सकाळी किनाऱ्यावर याच होडीचा जाऊन-येऊन भाव दीडशे ऐकला होता. म्हणून पाणी असेल त्या दिवशी होडी किनाऱ्यावरच ठरवा, जायची आणि यायची मिळून, आणि पैसे परत आल्यावर द्या. किल्ल्याच्या दारात घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे उरत नाही.

दुसऱ्या दिवशी रेवदंडा आणि कोर्लई केलं. छान झालं. तिथे सांगण्यासारखी अडचण नाही.

महिन्याभराने मी हट्टाने एकटी परत गेले, वद्य पंचमी बघून. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास ओहोटी. शिवाय उधाणाला फार दिवस झालेले नाहीत, म्हणजे पाणी लांब जाणार. नऊला उतरले. जिथे मांडीभर पाणी होतं तिथे नागमोडी रेघांची ओली वाळू, तिच्यावर खेकड्यांनी टाकलेल्या बारीक गोळ्या आणि मधे एकदोन ठिकाणी घोटाभर पाणी, बस्स. चालता चालता मला अक्षरशः हसू फुटलं. तीच जागा! थेट महादरवाज्यात पोचले.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. चालत जायचं तर चतुर्थी किंवा पंचमी धरा, शुद्ध असो की वद्य. चतुर्थी असेल तर गणपतीचं दर्शनही त्या दिवशीच होतं. सप्तमी ते दशमी चालत जायचा विचारसुद्धा नको, कोणी काहीही सांगो. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी उत्तम असते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी, तुमच्या उपयोगाची नाही. तिथीचं जमत नसेल तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये आकडा असतो, तो बघा. एक मीटरच्या आत असेल तर निघा. आमच्या अष्टमीला तो दीडच्या वर होता, हे मी घरी येऊन पाहिलं.

घोडागाडी ओहोटीत किल्ल्यापर्यंत जाते. आईवडील सोबत असतील तर जरूर करा, पण "शंभर" म्हणजे जाऊन-येऊन शंभर का, हे बसण्याआधी विचारा. मुंबईहून येणाऱ्यांनी गेटवेची सकाळची पहिलीच बोट धरावी. त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते. पावसाळ्यात ही बोट बंद असते आणि तेव्हा किल्ल्याकडे जायचंही नाही.

आणि ओहोटीच्या वेळेनंतर दीड तासाच्या आत किल्ल्याचा दरवाजा सोडा. पंचमीला मी साडेअकराला निघाले, तेव्हा मधल्या पट्ट्यात पाणी पोटरीला लागलं होतं.