एका भुरक्यात फाइल

"सर, अख्खी फाइल एकदम मेमरीत घेऊ का ओळ-ओळ वाचू?" परभणीत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागल्यापासून प्रत्येक बॅचला हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

आधी फाइल केवढी आहे ते बघा. पाच-दहा एमबीची असेल तर खुशाल एकदम घ्या. पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेवाले याला स्लर्प म्हणतात, म्हणजे आपला कढीचा भुरका. पायथॉनमध्ये नुसतं रीड म्हटलं की अख्खी फाइल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या एका सलग माळेत, येते.

मला याची गोडी लागली ती आईच्या ओव्यांमुळं. आई जिंतूर तालुक्यातली. तिच्या जात्यावरच्या सहाशेवर ओव्या मी टाइप करून ठेवल्यात, प्रत्येकीनंतर एक रिकामी ओळ सोडून. मला हव्या होत्या त्या ओव्यांमध्ये पहिल्या ओळीत पंढरी आणि दुसरीत बंधू. ओळ-ओळ वाचणारा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, त्याच्या हातात एका वेळी एकच ओळ असते, शेजारची दिसत नाही. मागची ओळ लक्षात ठेव, रिकामी आली की विसर, असा कोड लिहिण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग अख्खी फाइल घेतली आणि लागोपाठच्या दोन न्यूलाइनवर, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणांवर, तोडली. प्रत्येक तुकडा एक पूर्ण ओवी! सापडलेल्या ओव्या आईला वाचून दाखवल्या, तर तिला त्यातच आणखी तीन आठवल्या.

फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, यूटीएफ-८ आहे हे मात्र सांगाच. आमच्या लॅबमधल्या विंडोजवर ते राहिलं की पोरं विचारतात, "कामून अडलं हे?" तिथं पायथॉन जुनं पाश्चात्त्य कोडपेज, म्हणजे कुठल्या बाइटला कुठलं अक्षर याचा तक्ता, धरतो. त्यात ८१ आणि ८डी (हे आकडे सोळाच्या पद्धतीतले) या बाइटना अक्षरच नाही, आणि यूटीएफ-८मध्ये आपला ऱ्हस्व उकार ८१ वर संपतो, हलन्त ८डी वर. त्यांच्याशिवाय मराठीचं एक वाक्य तरी होतं का?

मेमरीचा हिशेबही आपल्या लिपीचा वेगळा. फाइलीत देवनागरी अक्षराला, मात्रेलाही, तीन बाइट लागतात. पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, मेमरीत दोनच. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेला एक इमोजी आत असला, तर अख्खी स्ट्रिंग अक्षरामागे चार बाइट घेते.

मोंढ्यातल्या एका आडतीची ३ जीबीची फाइल मी ४ जीबीच्या लॅपटॉपवर अशीच एकदम उघडली होती. माउससुद्धा हलेना. तिथं एका ओळीत एक सौदा, शेजारच्या ओळीशी त्याचं देणंघेणं नाही. अशा फाइलीला फॉर लूप लावा, ओळ-ओळ वाचा.