तुम्ही विचारलंत म्हणून: वहीतलं नाव

"तुम्ही त्या पोरांना ख्रिस्ती करायला जाता का?"

हा प्रश्न मला शेजारी विचारतात, शाळेतल्या सहकारी शिक्षिका विचारतात. मागे एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनीही विचारला. कुणी दबकत विचारतं, कुणी थेट. मला त्याचा राग येत नाही. आपल्या मुलांपाशी कोण येऊन बसतं, हे माणसानं विचारायलाच हवं. म्हणून आज नीट सांगते.

आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ दर शनिवारी संध्याकाळी सहाला गावकुसाबाहेरच्या एका वस्तीवर जातो. कॉलेजातली सात-आठ मुलंमुली आणि मी. तिथली निम्मी-अधिक घरं ऊसतोडीची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा 'कोयता' बिऱ्हाड घेऊन निघतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या तळावर कोपीत राहतो. मागे आजी असेल तर पोरं गावात राहतात, नसेल तर तीही जातात. धाकट्यांना सांभाळायला तेरा-चौदा वर्षांची मुलगी लागतेच. परत येईपर्यंत शाळेचं वर्ष हातचं गेलेलं असतं. पुढं मुलीचं लग्न ठरतं आणि मुलाच्या हातात कोयता येतो. पंधराव्या वर्षी ही मुलं "आता आपलं काय व्हायचं" असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रारसुद्धा नसते. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं.

आमचा वर्ग मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर भरतो, कारण वस्तीवर चांगला दिवा तिथंच आहे. खडूचा डबा देवळातले आजोबा सांभाळतात. तासभर गणित आणि इंग्रजी, मग व्हॉलीबॉल. (हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या एका वायएमसीएत जन्मला, हे पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना पटेचना. त्यांच्या लेखी तो आपल्याच मातीतला.) प्रार्थना आम्ही निघण्याआधी चर्चच्या व्हरांड्यात करतो, ओट्यावर करत नाही. पत्रकं वाटत नाही. कुणी "ताई, येशू कोण होता?" असं विचारलं, तर मात्र टाळत नाही, जेवढं विचारलं तेवढं सांगते. आणि येशूमुळंच मी तिथं जाते, हेही लपवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा येशूच्या भक्तांचा मेळा उभारला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. आमच्या घरात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे माणसाला आधी दाखला विचारून मग जवळ करायचं, हे मला कधी जमलंच नाही.

आमच्या पणजीच्या आधी आमच्या घराण्यात कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. याच नगरमध्ये अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीरावांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. आमची पणजी शिकली ती कितीतरी वर्षांनी, पण तिलाही शिकवायला कुणीतरी वस्तीवर चालत आलंच होतं. ते देणं माझ्यावर आहे असं मी मानते.

आता एक चूक सांगते, ती आमचीच आहे. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात नाताळची तयारी सुरू झाली. कॅरोलची तालीम, नाटुकलं, चर्चची रंगरंगोटी. आम्ही लागोपाठ तीन शनिवार गेलो नाही. निरोपही धाडला नाही, पोरांना काय, समजेल, असं वाटलं. चौथ्या शनिवारी गेलो तर ओट्यावर दोघंच होते. त्यातला एक मुलगा दिवसा गॅरेजात काम करायचा, नखांत ग्रीस तसंच घेऊन वर्गाला यायचा. तो म्हणाला, "आम्ही तिन्ही वेळा येऊन बसलो व्हतो. तुमी बी हंगामीच की."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तो पुन्हा वर्गाला आला नाही. रस्त्यात भेटला की हसतो, आईची खुशाली सांगतो, पण येत नाही. त्या दिवसापासून तरुण संघानं ठरवलं, नाताळ असो की कुणाचं लग्न, दोघं तरी जातीलच. चोवीस डिसेंबरलाही आमची दोन मुलं ओट्यावर लसावि-मसावि शिकवून मग रात्रीच्या उपासनेला आली आहेत.

आणि वहीचंही ठरलं. मूल बरेच दिवस दिसलं नाही की शाळेच्या पटावरून नाव कमी होतं. एका मुलीचं तसंच झालं होतं, आठवीत. ती आईबापांबरोबर तोडीला गेली. आमच्या हजेरीच्या वहीत आम्ही तिचं नाव खोडलं नाही. दर शनिवारी तिच्यापुढं 'कारखान्यावर' असं लिहीत गेलो, ओळीनं वीस-बावीस वेळा. एप्रिलात ती आली. अंगानं वाळलेली, हातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. वर्गात बसली नाही, ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव हाय का अजून?"

मी वही तिच्या हातात दिली. तिनं ते पान बोट फिरवत वाचलं. 'कारखान्यावर, कारखान्यावर, कारखान्यावर.' सगळ्या तारखा वाचल्या. "म्हणजे तुमी दर वेळी माझं नाव घेतलं?" एवढंच विचारलं आणि चप्पल काढून खाली बसली.

मेंढपाळ आपलं एकेक मेंढरू नावानं ओळखतो, हे मी रविवारच्या शाळेत शेकडो वेळा शिकवलं असेल. मला ते उमगलं त्या दिवशी.

त्या मुलीसाठी आम्ही सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती काढली. शाळा सुटलेल्या मुलामुलींना दहावीला बाहेरून बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो मिळवायला तिच्या वडिलांबरोबर आमचा एक मुलगा चार खेपा शाळेत गेला. आजीला तयार करायला मला दोन रविवार लागले. "पोरगी माझ्यापाशी ठिवते, पर तिचं लगीन कोण लावून देणार?" या प्रश्नावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं, परीक्षेपर्यंत थांबा. त्या थांबल्या. पोरगी दहावी पास झाली, गणितात जेमतेम सुटली. आता अकरावीला आहे, आणि शनिवारी हजेरी तीच घेते.

सगळ्यांचं असं होत नाही. तिच्या बरोबरीच्या दोघींची लग्नं झाली, एक तर सोळाव्या वर्षी. आम्ही त्यांच्या घरी गेलो, हातापाया पडलो, उपयोग झाला नाही. त्या दोघींची नावंही वहीत आहेत.

यंदाच्या टोळ्या गेल्या आठवड्यात निघाल्या. अकरा नावांपुढं 'कारखान्यावर' लिहायचं होतं. ते तिनं आपल्या हातानं लिहिलं, घाई न करता, प्रत्येक नाव मोठ्यानं उच्चारून. शेवटचं नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं.