गिरणी चालते, मिक्सर चालत नाही

आमची पिठाची गिरणी आहे आणि घर तिच्याच मागे. पोरगा जन्मापासून त्या घरघरीत वाढला. दुपारी ज्वारीचं दळण चालू असताना भिंतीपलीकडे तो ढाराढूर झोपायचा. पण स्वयंपाकघरात मिक्सर लागला, की दोन्ही कान दाबून किंचाळत परसात पळायचा. कुकरची शिट्टी, शेजारची बुलेट, वरातीतला ताशा, सगळ्याला तेच. जावळाच्या दिवशी वस्तरा तर लांबच राहिला, मामाने नुसतं पाणी चोळलं डोक्याला, तर ओकारी येईपर्यंत रडला. हा नुसता हट्ट नाही, हे बायको त्या रात्री बोलली.

मग एकेक गोष्ट नजरेत भरायला लागली. कोंड्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खुशाल बसणार, पण कणकेचा चिकट गोळा हाताला लागला की हात झाडत सुटणार. वरणभात तोंडातून बाहेर, टोस्ट आणि भाजलेला पापड हवाच. अनवाणी गवतावर पाय टेकायचा नाही, घरात बऱ्याचदा चवड्यांवर चालायचा. बनियनचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालू द्यायचा नाही. आणि पोत्यांच्या थप्पीवर चढून उडी, परत चढून उडी, थांबणं नाहीच. एक घास तोंडात घेतला की घराला एक फेरी. दळणाला येणारी प्रत्येक बाई सांगायची, "मुलगा म्हटल्यावर वळवळ करणारच." माझ्या आईचं म्हणणं, बापही असाच होता. (तेही खोटं नाही.)

बालरोगतज्ज्ञांनी चंचलपणाबद्दल नंतर विचारलं. आधीचे प्रश्न वेगळेच: शब्द किती बोलतो, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हाक मारल्यावर बघतो का. हाकेला कधी बघायचा, कधी नाही. म्हणून पहिली तपासणी कानांची. ओएई झाली, ती कानाच्या आतल्या भागाची चाचणी. मग बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. बेरा करताना मूल गाढ झोपलेलं असावं लागतं, आणि कपाळावर नि कानामागे चकत्या चिकटवतात. डोक्याला हात न लावू देणारं आमचं पोर! सकाळी लवकर उठवून, वाटेत गाडीत झोपू न देता नेलं, तिथे झोपेचं औषध पाजलं, तेव्हा कुठे जमलं. ऐकू व्यवस्थित येत होतं. रक्तात लोह मात्र कमी निघालं. लोह कमी असलं तरी मुलं अस्वस्थ राहतात, झोप बिघडते, म्हणून औषध सुरू झालं. सोबत एम-चॅट नावाची प्रश्नावली भरून घेतली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, २० प्रश्न, हो की नाही एवढंच उत्तर. त्यातून स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) धोका कितपत आहे याचा अंदाज येतो, निदान होत नाही.

मध्ये एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथे पोरगा खुर्चीवरून दोनदा उतरला, तेवढ्यावर 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) असं कागदावर आलं आणि पाठोपाठ वर्षभराच्या थेरपीचं पॅकेज. माझं स्पष्ट मत आहे, सव्वादोन वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत नाव चिकटवणाऱ्याकडून सरळ उठून यावं. हे निदान साधारण चार वर्षांच्या आधी सहसा करत नाहीत. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली आणि घरी, शाळेत अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. आवाज, स्पर्श, चव यांचा असा जाच होतो त्या संवेदनांच्या त्रासाला तर डॉक्टरांच्या डीएसएम-५ या पुस्तकात स्वतंत्र आजार म्हणून जागाच नाही.

आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात गेलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याखालची ही केंद्रं. तपासणी, उपचार मोफत. अंगणवाडीत तपासायला पथक येतं, तेही इथेच पाठवतं. गर्दी असते, डबा घेऊनच जावं. तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी निदानाची घाई केली नाही, वही ठेवायला लावली. "दादा, किती रडला ते नको. रडायच्या आधी काय झालं ते लिहा."

दळणाच्या हिशोबाच्या वहीतच मागून लिहायला लागलो. 'मिक्सर, न सांगता, रडला.' 'मिक्सर, सांगून, कान धरले, पळाला नाही.' 'मिक्सर, बटण त्याने दाबलं, हसला.' तीन ओळी वाचून मॅडम म्हणाल्या, गिरणीचा आवाज मोठा असला तरी एकसारखा आहे, पट्टा फिरायला लागतो तसा चढत जातो. मिक्सर एकदम अंगावर येतो. आमच्या घरात तेव्हापासून मिक्सरचं बटण त्याच्याच मालकीचं. आधी 'एक, दोन, तीन' म्हणायचं, मग दाबायचं.

उड्यांचंही तसंच. मॅडम म्हणाल्या, सांधे-स्नायूंवर जोर पडला की असं मूल बऱ्याचदा निवांत होतं, म्हणून जेवणाआधी त्याला जोराचं काम द्यायचं: बटाट्याची पिशवी ओढणं, पाण्याची छोटी बादली उचलणं, भिंत 'ढकलणं'. अंघोळीआधी तेल लावताना हलका हात नको, दाबून चोळायचं. हलक्या हाताने तो जास्त बिथरतो. वजनाच्या गोधड्या मिळतात, त्या एवढ्या लहान मुलांवर घालू नका, असं त्यांनी बजावलं. कणकेसाठी आधी कोरडं पीठ, मग त्यात चमचाभर पाणी, जमेल तेवढंच. मोबाइल जेवताना बंद केला. पहिला आठवडा भयंकर गेला, ते वेगळं लिहीत नाही.

आता तो अंगणवाडीत जातो. निदान अजून नाही, चार पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी आहे. तिथल्या ताईंना दोनच गोष्टी सांगितल्या: घंटा वाजवायच्या आधी त्याला सांगा, आणि बसायला सांगण्याआधी काहीतरी उचलायला द्या. त्यांनी त्याला चटया घालायचं काम दिलंय. सगळ्या चटया घालतो आणि शेवटच्या चटईवर कुणालाही बसू देत नाही, त्यावरून रोज एक भांडण.