साखळी कापली तो दिवस

"मॅडम, लग्नाच्या आत दातांतली फट बुजली पाहिजे," मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच तिच्या आईनं सांगून टाकलं. लग्नाला पाच महिने. तारा दुसरीकडे लावलेल्या; 'सहा महिन्यांत दात सरळ' म्हणून वरच्या दोन उपदाढा (सुळ्यामागचे दात) काढून घेतलेल्या. असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला राग येतो. निस्तरायला पेशंट दुसऱ्याच दारात येतो.

उपदाढेची जागा साधारण ७ मिलिमीटर. सुळा मागे सरकतो महिन्याला जेमतेम १. डावीकडची, सुळ्याला मागच्या दाढेकडे ओढणारी रबरी साखळी आठच दिवसांपूर्वी बदललेली, पण इतकी ताणलेली की कड्या लांबट होऊन पांढरट पडल्या होत्या. ओढ मोजायचा गेज लावला. ४०० ग्रॅमच्या वर! सुळ्याला १५० पुरतात. चार महिन्यांत तो तसूभर हलला नव्हता, मागची दाढ मात्र २ मिलिमीटर पुढे आली होती. फट बुजत होती, पण उलट्या बाजूनं.

दात नुसता ओढून सरकत नाही. ज्या बाजूला तो जातो तिथलं हाड पेशी खातात, मागे नवं भरतं. जोर जास्त झाला की मुळाभोवतीचा रक्तपुरवठा दबतो, तेवढा भाग मरतो आणि तो साफ होईपर्यंत दात अडून बसतो.

मी साखळी कापली. तीन आठवडे काहीच लावायचं नाही म्हटल्यावर आई उठूनच उभी राहिली. "आम्हाला घाई, आणि तुम्ही काढून टाकताय?" मुलीनं मोबाईल पुढे केला. "हाडाला भोकं पाडून दात लवकर सरकतात ना?"

अशी बारीक छिद्रं मी केली आहेत. २०१३च्या एका अभ्यासात सुळे २८ दिवसांत दुपटीहून जास्त सरकले होते. नंतरच्या काही चाचण्यांत फरकच दिसला नाही. आधीच दुखावलेल्या जागी आणखी जखम करायला माझा हात धजेना. दाढेऐवजी हाडाचा आधार मिळावा म्हणून हाडात मिनीस्क्रू, म्हणजे बारीक स्क्रू, बसवला, १५० ग्रॅमची स्प्रिंग लावली, आणि दुसऱ्या महिन्यापासून सुळा सरकू लागला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात फट दीड मिलिमीटर उरली होती. परवा ती आली तेव्हा हातावरची मेंदी फिकी झाली होती. "भोकं पाडली असती तर बुजली असती का हो?"

"कदाचित," मी म्हटलं, आणि पुन्हा मोजलं. एक मिलिमीटर.